जागेची भीती कुठून येते?

पंचवटीतील सीता गुंफेत जाण्याची वाट इतकी अरुंद आणि ठेंगणी आहे की धडधाकट माणसालाही अंग चोरून, जवळजवळ बसूनच पुढे सरकावे लागते. रांगेतली माणसे सारख्याच श्रद्धेने आलेली असतात. तरी त्यांतली काही सहज आत उतरतात, काही तोंडाशी येऊन थबकतात आणि काही बाहेरूनच हात जोडून परत फिरतात. परत फिरणाऱ्याला सोबतचे लोक ‘एवढं काय घाबरायचं?’ असे विचारतात आणि तो ओशाळून गप्प बसतो. या प्रश्नामागे अशी समजूत आहे की भीती ही सर्वस्वी माणसाच्या मनाची बाब असून जागेचा तिच्याशी फारसा संबंध नसतो. गेल्या पन्नास वर्षांत मेंदूविज्ञान, मानसशास्त्र आणि वास्तुरचना यांच्या सीमेवर झालेला अभ्यास मात्र सांगतो की भिंत, छत, दार, उजेड आणि आवाज यांच्या मांडणीतून शरीराला सतत सूचना मिळत असतात, आणि आपण विचार करू लागण्यापूर्वीच शरीराने त्या वाचलेल्या असतात.

आपले शरीर त्वचेपाशी संपते असे आपण मानतो. मेंदूचा हिशेब निराळा आहे. हात पोहोचेल एवढ्या अंतरावरची जागा मेंदू दूरच्या जागेपेक्षा वेगळ्या प्रकारे नोंदवतो. मेंदूच्या काही भागांतल्या पेशी गालाला स्पर्श झाला की उत्तेजित होतात आणि गालाजवळ एखादी वस्तू नुसती आली तरीही उत्तेजित होतात. शरीराभोवतीच्या या जवळच्या क्षेत्राची व्याप्ती प्रत्येकाची सारखी नसते. स्टेला लॉरेन्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की ज्यांचे हे क्षेत्र अधिक दूरवर पसरलेले असते, त्यांना बंदिस्त जागेची भीतीही अधिक वाटते. म्हणजे गुंफेची वाट सर्वांसाठी तेवढीच रुंद असली, तरी एखाद्याच्या बाबतीत तिची भिंत बाहेर राहते आणि दुसऱ्याच्या बाबतीत ती त्याच्या जवळच्या क्षेत्रात शिरते. दोघे एकाच जागेत असतात, पण त्यांना जाणवणारी जागा एक नसते. मागे फिरणाऱ्याला भित्रा ठरवण्यापूर्वी एवढे लक्षात घेतले तरी पुरे.

यात श्वासाचाही मोठा वाटा आहे. भीतीच्या अभ्यासात मेंदूतल्या अ‍ॅमिग्डाला नावाच्या बदामाच्या आकाराच्या भागाला मध्यवर्ती स्थान दिले जाते. एस. एम. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या एका अमेरिकन स्त्रीच्या मेंदूतले दोन्ही बाजूंचे अ‍ॅमिग्डाला एका दुर्मीळ आजारामुळे निकामी झाले होते, आणि तिला साप, कोळी किंवा भयपट यांपैकी कशाचीच भीती वाटत नसे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तिला ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा एकदा हुंगायला दिली, तेव्हा मात्र ती अक्षरशः घाबरीघुबरी झाली. गर्दीने भरलेल्या खोलीतही हवेत या वायूचे प्रमाण याच्या आसपास जात नाही, त्यामुळे प्रयोगाचा अर्थ ताणू नये. पण गुदमरण्याचा इशारा शरीर स्वतंत्र वाटेने देऊ शकते, एवढे त्यातून स्पष्ट होते. बंद, दमट, हवा न खेळणाऱ्या जागेत ‘जीव घाबरा होतो’ तेव्हा डोळ्यांना दिसणाऱ्या भिंतींइतकीच छातीला जाणवणारी हवाही कारणीभूत असते.

हे सारे खरे असले, तरी लहान जागा म्हणजे भीती असे समीकरण मांडता येत नाही. एमआरआय तपासणीचे यंत्र हे याचे चांगले उदाहरण आहे. त्याच्या पोकळीचा व्यास साधारणपणे ६० ते ७० सेंटिमीटर असतो आणि आत निजल्यावर छत नाकाशी येते. अनेकांना ते सहन होत नाही. म्हणून रुग्णाच्या हातात दाबायचा एक रबरी फुगा देतात, जो दाबला की तंत्रज्ञ लगेच बोलतो किंवा तपासणी थांबवतो. काही ठिकाणी डोळ्यांवर लहानसा आरसा बसवतात, त्यामुळे पायांकडची खोली दिसत राहते. पोकळी एका सेंटिमीटरनेही रुंद झालेली नसते, तरीही या दोन साध्या सोयींनी पुष्कळ लोकांना तपासणी पूर्ण करता येते. त्यांना बाहेरचे दिसते, आपल्याला कोणी पाहत आहे हे ठाऊक असते आणि वाटेल तेव्हा सुटता येईल असा भरवसा असतो. या लेखात पुढे जे काही सांगायचे आहे ते या तीन गोष्टींभोवतीच फिरणार आहे, कारण माझ्या मते कोणत्याही वास्तूतली भीती समजून घेण्याची ती सर्वांत उपयोगी किल्ली आहे.

जे अ‍ॅपलटन या ब्रिटिश भूगोलतज्ज्ञाने १९७५ साली असा सिद्धान्त मांडला की माणसाला अशा जागा आवडतात, जिथून दूरवर दिसते आणि जिथे स्वतःला आडोसाही मिळतो. पाठ सुरक्षित आणि समोर मोकळे, अशी ही स्थिती असते. बॉनी फिशर आणि जॅक नासर यांनी १९९२ साली हाच विचार भीतीच्या अभ्यासाला लावला. अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या आवारात कोणत्या जागी लोकांना हल्ल्याची भीती वाटते हे त्यांनी पाहिले, तेव्हा पुढचे दिसत नाही, दुसऱ्याला लपायला जागा आहे आणि पळायला वाट नाही, अशा ठिकाणी भीती सर्वाधिक आढळली. इथे आडोशाची दोन रूपे लक्षात घ्यावी लागतात. जो कोपरा मला आसरा देतो तोच परक्या माणसालाही लपवतो, आणि म्हणून ‘कोपरे नकोत’ किंवा ‘कोपरे हवेत’ असा सरधोपट नियम करता येत नाही. त्या कोपऱ्यावर नजर कोणाची आहे, यावर सारे अवलंबून असते.

नाशिकजवळची पांडवलेणी या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. सातवाहनकाळातल्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात एक मोठे सभागृह आहे आणि त्याच्या तीन बाजूंना भिक्षूंसाठी खोदलेल्या १८ खोल्या आहेत. या खोल्यांना खिडकी नाही. दगडी बाक, दगडी भिंती, दगडी छत आणि एकच दार, एवढ्याच त्या आहेत. आजच्या मोजमापाने त्यांना कोठडी म्हणावे लागेल. तरीही तिथे बसल्यावर कोंडल्यासारखे वाटत नाही, आणि याचे कारण मला त्यांच्या मांडणीत दिसते. खोलीच्या दारातून सभागृह दिसते, सभागृहातून ओसरीचे खांब दिसतात आणि ओसरीतून खाली पसरलेले मोकळे मैदान. अंधाराला एक बाजू कायम उघडी आहे. पाठीशी डोंगर आणि समोर दूरवरची जमीन, अशी ही रचना अ‍ॅपलटन यांचा सिद्धान्त मांडला जाण्यापूर्वी जवळजवळ एकोणीसशे वर्षे आधी खोदली गेली.

जुन्या नाशकातले वाडेही हेच काम करीत, पण उजेडाच्या साहाय्याने. भर उन्हात बाहेर सुमारे एक लाख लक्स (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) इतका प्रकाश असतो आणि घरातल्या अंधाऱ्या खोलीत तो शंभरच्याही खाली जातो. डोळ्यांना हा फरक एकदम पेलत नाही. रंग ओळखणाऱ्या पेशी अंधाराला सरावायला आठ-दहा मिनिटे घेतात, तर मंद प्रकाशात काम करणाऱ्या पेशींना पूर्ण सरावायला अर्धा तास किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. उन्हातून थेट काळोखात शिरलेला माणूस काही काळ खरोखरच आंधळा असतो, आणि त्या काळात शरीर सावध होते; माणूस अंधारात अधिक सहज दचकतो, हे प्रयोगांतही दिसून आले आहे. वाड्यात मात्र दिंडी दरवाजातून आत आल्यावर आधी देवडीची सावली लागते, मग चौकात वरून येणारा उजेड, मग ओसरी, मग सोपा, आणि त्यानंतर कुठे माजघराचा अंधार. प्रत्येक टप्प्यावर डोळ्यांना थोडा अवधी मिळतो. शिवाय देवडीवर कोणीतरी बसलेले असे, माडीच्या खिडकीतून कोणीतरी पाहत असे, आणि आलेल्याला आपण कुठवर जायचे हे न सांगता कळे. वाड्यांचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरू नये: जे माजघर सर्वांत सुरक्षित मानले गेले, तेच घरातल्या बाईसाठी बंदिवासही ठरू शकत होते, कारण तिला दिसत होते थोडे आणि तिच्यावर नजरा होत्या पुष्कळ. सुरक्षितता कोणाची आणि कोणाच्या सोयीने, हा प्रश्न वास्तूच्या बाबतीत नेहमी विचारायला हवा. आज या वाड्यांपैकी अनेकांची भिंत पावसाळ्यात ढासळते. तिथे वाटणारी भीती ही साधी, खरी आणि ऐकण्याजोगी भीती आहे.

अंधाराने भीतीच निर्माण होते असेही नाही. सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिरात सभामंडपातून अंतराळात आणि तिथून गर्भगृहात जाताना उजेड पायरीपायरीने कमी होत जातो आणि शेवटी समईची ज्योत तेवढी उरते. मन दबते, आवाज आपोआप खाली येतो, पण कोणी पळ काढत नाही. मार्ग सरळ आहे, मागचे दार उघडे आहे, सोबतीला माणसे आहेत आणि पुढे काय आहे हे ठाऊक आहे. या चार गोष्टी असल्या की तोच अंधार भीतीऐवजी आदर निर्माण करतो. याच्या नेमके उलट काम बर्लिनच्या ज्यू संग्रहालयात हेतुपुरस्सर केलेले आहे. २००१ साली खुल्या झालेल्या या वास्तूत डॅनियल लिबेस्किंड यांनी सुमारे २४ मीटर उंचीचा, काँक्रीटचा, रिकामा आणि थंड मनोरा बांधला. त्यात वरच्या एका फटीतूनच उजेड येतो, जड दार मागे लागते, बाहेरचे आवाज पुसट ऐकू येतात आणि दिसत काहीच नाही. जवळच्या बागेत ४९ खांब तिरप्या जमिनीवर उभे केल्यामुळे चालताना तोल जातो. ज्यू लोकांच्या संहाराची आठवण तिथे मजकुराआधी शरीराला होते. दिसणे, सोबत आणि सुटका काढून घेतली की काय उरते, हे याहून प्रभावीपणे दाखवणारी वास्तू मला ठाऊक नाही.

खोलीचा बंदिस्तपणा आणि आवाज यांचाही परिणाम होतो, तो थोडक्यात सांगतो. ओशिन वार्तानियन यांच्या गटाने २०१५ साली दाखवले की बंदिस्त वाटणाऱ्या खोल्यांची छायाचित्रे पाहताना लोक ‘इथून बाहेर पडावे’ असा निर्णय अधिक वेळा घेतात. आवाजाच्या बाबतीत निष्कर्ष थोडा अनपेक्षित आहे: २०१० सालच्या एका अभ्यासात मोठ्या जागेचा घुमारा ऐकवला असता लोकांना लहान खोलीच्या आवाजापेक्षा कमी सुरक्षित वाटले. घुमणाऱ्या जागेत आवाज कोणत्या दिशेने आला हे ओळखणे अवघड जाते, आणि मागची पावले आपलीच की दुसऱ्याची, हे कळत नाही. रिकाम्या जिन्यात किंवा पार्किंगमध्ये हा अनुभव पुष्कळांना आला असेल.

भीतीचा परिणाम पाहण्यावरही होतो, आणि हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जेनीन स्टेफानुची आणि डेनिस प्रॉफिट यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना दुमजली उंचीच्या सज्जातून खालचे अंतर सांगायला लावले. खालून वर पाहताना जी उंची वाटे, त्यापेक्षा वरून खाली पाहताना ती बरीच जास्त वाटली, आणि ज्यांना उंचीची भीती होती त्यांना ती आणखी जास्त वाटली. म्हणजे घाबरलेला माणूस खोटे बोलत नसतो. त्याला खरोखरच खोल दिसत असते. गंगापूर रोडच्या परिसरात आता उंच इमारती उभ्या राहत आहेत. नव्या घराच्या सज्जात पाऊल टाकताना आजी कठड्यापासून दोन हात दूर उभी राहत असेल, तर तिला ‘काही होत नाही’ असे सांगून उपयोग नाही. कठडा पुरेसा उंच आणि भरीव दिसेल असा केला, तर तिच्या डोळ्यांना पटेल.

स्मृतीही जागेला चिकटून राहते. मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग आपण कुठे आहोत याची नोंद ठेवतो. स्थान ओळखणाऱ्या पेशींच्या शोधाबद्दल जॉन ओकीफ, मे-ब्रिट मोझर आणि एडवर्ड मोझर यांना २०१४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. हाच भाग एखाद्या प्रसंगाला त्याच्या जागेशी बांधतो. म्हणून ज्या जिन्यात एकदा पाय घसरला किंवा कोणी त्रास दिला, त्या जिन्यात दिवे लावून रंग दिला तरी छाती धडधडत राहते. आपल्याकडे प्रत्येक जुन्या वस्तीत ‘तिकडे तिन्हीसांजेला जाऊ नये’ अशी एखादी जागा सांगितली जाते: पडकी भिंत, वापरात नसलेली विहीर, बंद पडलेले घर. त्यातल्या भुताखेतांवर विश्वास ठेवण्याची गरज नाही, पण अशा बहुतेक जागी कडा ढासळलेल्या असतात, वावर नसतो आणि हाक मारली तर ऐकायला कोणी नसते, हे पाहिल्याशिवाय ती सूचना अंधश्रद्धा म्हणून झटकणे मला पटत नाही.

आता आजच्या नाशिककडे पाहू. सराफ बाजारातल्या गल्ल्या दिवसा चिंचोळ्या असूनही भीतिदायक वाटत नाहीत, कारण दुकानांची तोंडे रस्त्याकडे उघडी असतात आणि प्रत्येक पावलावर कोणाची तरी नजर असते. नगररचनेच्या अभ्यासक जेन जेकब्स यांनी १९६१ साली रस्त्यावर असलेल्या डोळ्यांचे महत्त्व सांगितले, ते हेच. रात्री शटर खाली आली की त्याच गल्लीची रुंदी तेवढीच राहून तिचा स्वभाव बदलतो. नव्या वसाहतींतले रुंद रस्ते मात्र कित्येकदा दिवसाही ओस वाटतात, कारण दोन्ही बाजूंना उंच कुंपणभिंती आणि गाड्यांची दारे असतात. रस्त्याकडे पाहणारी खिडकी तिसऱ्या मजल्यापासून सुरू होते.

महामार्गाखालच्या पादचारी भुयारी मार्गांची अडचणही अशीच समजावून घेता येते. धावत्या गाड्यांमधून जीव मुठीत धरून रस्ता ओलांडणाऱ्यांना आपण बेशिस्त म्हणतो. पण भुयाराच्या तोंडाशी उभे राहून दुसरे टोक दिसत नसेल, मधे काटकोनी वळण असेल आणि आतून परत फिरायला एकच जिना असेल, तर शरीर तिथे जाण्यास नकार देते. गाड्यांचा धोका निदान दिसतो तरी. भुयारातला दिसत नाही. सरळ, आखूड, रुंद आणि दोन्ही टोकांशी चहाची टपरी किंवा फुलांचे दुकान असलेले भुयार लोक वापरतील, असे मला वाटते.

दिव्यांच्या बाबतीत एक गैरसमज सर्वत्र आढळतो: भीती वाटते म्हणून अधिक प्रखर दिवा लावायचा. तळघरातल्या पार्किंगमध्ये एकच भगभगीत दिवा लावला की डोळे त्या उजेडाला सरावतात आणि खांबामागचा काळोख अधिकच गडद होतो. त्यापेक्षा मंद पण सर्वत्र सारखा पसरलेला उजेड उपयोगी पडतो. तो समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर पडायला हवा, नुसता जमिनीवर नको. भिंती आणि छत पांढरे असतील तर निम्मे काम तिथेच होते. लिफ्टसमोर आणि जिन्याच्या दाराला अग्निरोधक काचेची पट्टी असली, तर पलीकडे कोण आहे हे दार उघडण्यापूर्वी दिसते.

वास्तूला सर्व दोष देणेही चूक ठरेल. अमेरिकेतील सेंट लुईस शहरात १९५०च्या दशकात बांधलेल्या प्रुइट-आयगो या ३३ इमारतींच्या वसाहतीत लोक जिन्यांना आणि मार्गिकांना घाबरू लागले, आणि १९७२ पासून ती वसाहत पाडण्यात आली. त्याच वर्षी वास्तुतज्ज्ञ ऑस्कर न्यूमन यांनी त्याचे खापर मुख्यतः रचनेवर फोडले: ज्या मार्गिका कोणाच्याच मालकीच्या वाटत नाहीत, त्यांच्यावर कोणी लक्ष ठेवत नाही. त्यांचे म्हणणे मोलाचे आहे, पण त्या वसाहतीत गरिबी होती, वर्णभेद होता आणि देखभालीला पैसा नव्हता, हेही तितकेच खरे आहे. चांगला नकाशा बंद पडलेली लिफ्ट चालू करू शकत नाही.

नाशिककरांसाठी जागेचा प्रश्न सर्वांत गंभीर होतो तो सिंहस्थात. २७ ऑगस्ट २००३ रोजी शाही स्नानाच्या वेळी झालेल्या चेंगराचेंगरीत ३९ भाविकांचा मृत्यू झाला. अशा घटनेनंतर ‘लोक घाबरून पळाले’ असे म्हटले जाते. गर्दीचा शास्त्रीय अभ्यास वेगळे चित्र दाखवतो. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहापेक्षा अधिक माणसे दाटली की कोणाच्याही पावलांवर त्याचा ताबा राहत नाही, धक्क्याच्या लाटा गर्दीतून प्रवास करतात आणि बहुतेक मृत्यू छाती दाबली जाऊन श्वास घेता न आल्याने होतात. भीती तिथे बहुधा कारण नसून परिणाम असते. उतार, अचानक आखडणारा रस्ता आणि समोरासमोर येणारे लोंढे यांनी ही घनता तयार होते. मागच्यांना पुढे काय चालले आहे ते दिसत नाही, म्हणून ते ढकलत राहतात. २०२७च्या पर्वण्यांसाठी घाटांकडे उतरणारे मार्ग आखताना जाण्याची आणि येण्याची वाट वेगळी असणे, रस्ता पुढे जाऊन अरुंद न होणे, मधे बाजूला निघण्याच्या जागा असणे आणि पुढची स्थिती मागच्यांना ध्वनिक्षेपकावरून कळणे, या गोष्टी फलकांवरच्या ‘घाबरू नका’ या आवाहनापेक्षा कितीतरी अधिक जीव वाचवतील.

घराजवळच्या जागांसाठी एक साधी पद्धत उपलब्ध आहे. १९८९ साली कॅनडातील टोरोंटो शहरात मेट्रॅक या संस्थेने स्त्रियांच्या सुरक्षिततेची पाहणी करण्याची रीत तयार केली. ज्यांना भीती वाटते त्यांनीच अंधार पडल्यावर गटाने त्या जागेतून चालायचे आणि प्रत्येक ठिकाणी थांबून लिहायचे: पुढे किती दूरवर दिसते, कोणाला लपता येईल, हाक मारली तर कोणाला ऐकू जाईल, बाहेर पडायची दुसरी वाट कुठे आहे. आपल्या सोसायटीत ही फेरी रात्री नवाच्या सुमारास काढावी आणि तिच्यात शिकवणीवरून परतणाऱ्या मुली, काम आटोपून निघणाऱ्या मावशी, रखवालदार आणि काठी घेऊन चालणारे आजोबा असावेत. समितीचे पदाधिकारी मागे चालले तरी चालेल. तयार झालेली यादी सर्वसाधारण सभेत ठेवावी. दिव्याची जागा बदलणे, वाढलेली झुडपे छाटणे, भिंतीला चुना देणे ही कामे आठवडाभरात होतात. खांब, वळणे आणि जिन्याची जागा बदलायची असेल तर मात्र घर बुक करतानाच विकासकाकडून तळघराचा नकाशा मागून घ्यावा, कारण स्लॅब पडल्यानंतर त्यातले काहीही हलवता येत नाही.